दोष रक्ताचा, दुधाचा की भिंतींचा?

पावसाळा सरता सरता आमच्या समुपदेशन केंद्रात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, “हे आमच्या घराण्यात नव्हतं, हिच्या माहेरून आलं.” दुसरं, “हिनेच जपून जपून पोराला असं नाजूक करून ठेवलं.” विषय मुलाच्या दम्याचा असतो, नाहीतर अंगावर उठणाऱ्या गांधींचा, सतत गळणाऱ्या नाकाचा किंवा गुडघ्यांच्या मागे खाजवून खाजवून रक्त येणाऱ्या इसबाचा. आमच्या नोंदवहीत मात्र हा विषय कुठेच दिसत नाही. तिथे लिहिलेलं असतं : ‘सासरी छळ’, ‘खर्चाला पैसे देत नाही’, ‘मुलासकट माहेरी पाठवलं’. दोन-तीन भेटींनंतर बाई मोकळी होते, आणि भांडणाची ठिणगी मुलाच्या औषधाच्या बिलावरून पडली होती हे तेव्हा कळतं.

ॲलर्जी रक्तातून येते की वाढवण्यातून, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी शंभरहून अधिक वर्षं विचारला आहे आणि तो विचारण्याजोगाच आहे. घरात तो विचारला जातो तेव्हा मात्र त्याला खटल्याचं रूप येतं. रक्तातून आली म्हटलं तर दोष आईच्या माहेरचा, वाढवण्यातून आली म्हटलं तर दोष आईच्या हातचा. निकाल कोणताही लागो, आरोपी एकच. मैत्रिणींनो, म्हणूनच या वेळच्या संपादकीयात हा विषय घेतला आहे. मी डॉक्टर नाही, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. पण ज्या ज्ञानाच्या नावाने बायकांना बोल लावला जातो ते ज्ञान नेमकं काय सांगतं, हे आपण स्वतः समजून घ्यायला हवं.

आपल्या भाषेत ‘वावडं’ हा शब्द जुनाच आहे. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला कोलंबीचं. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. शरीराची रोगाशी लढण्याची यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी गोष्टीलाच शत्रू समजते, तेव्हा ॲलर्जी होते. धूळ, परागकण, अंडं, मासळी यांपैकी काहीही तिला शत्रू वाटू शकतं.

ही प्रवृत्ती वंशातून येते यात शंका नाही. एका पालकाला ॲलर्जी असली तर मुलाला होण्याची शक्यता वाढते, दोघांना असली तर आणखी वाढते, आणि दोघांना नसतानाही मुलाला होऊ शकते. अमेरिकेत २००० साली शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या जुळ्यांचा एक छोटा अभ्यास झाला. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजांडातून जन्मलेल्या जुळ्यांत एकाला ही ॲलर्जी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण शंभरात ६४ निघालं. वेगवेगळ्या बीजांडांतून जन्मलेल्या जुळ्यांत ते फक्त ७ होतं. २००६ साली ब्रिटनमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी त्वचेचं आवरण घट्ट ठेवणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला बिघड शोधला. हा बिघड असलेल्या मुलांना इसब होण्याचा धोका बराच जास्त असतो.

पण यातल्या दोन गोष्टी घरातल्या खटल्यात कुणी सांगत नाही. एक, जनुकं आईकडून अर्धी येतात आणि बापाकडून अर्धी. बापाला लहानपणी ‘बाळदमा’ होता, आजोबांना रोज सकाळी वीस शिंका यायच्या, आत्याच्या अंगावर पित्त उठायचं, हे सगळं विचारल्याशिवाय पुढे येत नाही. सासरचा आजार म्हणजे ‘प्रकृती’ आणि माहेरचा आजार म्हणजे ‘खोट’, असा आपल्याकडे हिशेब आहे. दुसरी गोष्ट अशी की वंशातून येते ती प्रवृत्ती. आईला मासळीची ॲलर्जी असेल तर मुलाला धुळीची होऊ शकते, आणि ज्याची प्रवृत्ती आहे त्याला आयुष्यभर काहीही न होता राहू शकतं. त्याच जुळ्यांच्या अभ्यासात जनुकं तंतोतंत सारखी असूनही शंभरात ३६ वेळा दुसऱ्या जुळ्याला ॲलर्जी नव्हती.

प्रवृत्तीचा आजार होतो तो कशामुळे? याचं उत्तर शोधायला आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण पुरेसं आहे. काँग्रेस गवत, ज्याला आपण गाजर गवतही म्हणतो, ते मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा पुण्यात झाली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध झाली. परदेशी धान्याबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. पुढच्या काही वर्षांत ते माळरानं, रेल्वेचे रूळ, शेताचे बांध व्यापून बसलं, आणि चेहरा, मान, हात सोलवटून काढणारा त्वचेचा दाह घेऊन लोक दवाखान्यांत येऊ लागले. पुण्यातल्या रुग्णांवरचा शास्त्रीय निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आता विचार करा, या माणसांच्या आजोबा-पणजोबांना ही ॲलर्जी नव्हती. कशी असेल? गवतच नव्हतं. वीस वर्षांत कुठल्याही समाजाचं रक्त बदलत नाही, आजूबाजूचं जग मात्र बदलतं. “आमच्या घराण्यात नव्हतं” हे वाक्य खरं असलं तरी त्यातून सुनेविरुद्ध काहीच सिद्ध होत नाही.

हीच गोष्ट जर्मनीत मोठ्या प्रमाणावर दिसली. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पश्चिमेकडच्या म्युनिकमधली आणि पूर्वेकडच्या लाइपझिग-हाले भागातली मुलं तपासली. पूर्वेकडे कारखान्यांचा धूर जास्त, म्हणून तिथे ॲलर्जीही जास्त असेल असा सर्वांचा अंदाज होता. १९९४ साली प्रसिद्ध झालेले आकडे उलटे निघाले. त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी दाखवणारी मुलं म्युनिकमध्ये सुमारे ३७ टक्के, पूर्वेकडे सुमारे १८ टक्के. धुराने छातीचे आजार मात्र पूर्वेकडेच जास्त होते, हेही लक्षात ठेवायचं. लोक एकाच वंशाचे, मधे चाळीस वर्षांची भिंत आणि दोन वेगळ्या राहण्या. अमेरिकेत २०१६ साली आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांचंही मूळ युरोपातलं आणि जनुकं बरीच मिळतीजुळती. आमिश मुलं घरालगतच्या गोठ्यात वाढतात, त्यांच्यात दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के. हटराइट शेती यंत्रांची, गोठे घरापासून दूर, तिथे सुमारे २१ टक्के.

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, “म्हणजे वाढवण्यातच चूक आहे की!” याच ठिकाणी आपण सावध राहायला हवं. शास्त्रज्ञ ‘परिसर’ म्हणतात, आणि घरापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचं ‘संगोपन’ होतं. संगोपन म्हणजे आई, हे समीकरण तर आपल्याकडे पक्कंच आहे.

या समीकरणाची किंमत इतरत्रही बायकांनी मोजली आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतले अनेक मानसतज्ज्ञ म्हणत की दमा म्हणजे मुलाचं आईसाठी दाबलेलं रडणं, आई अति जपते किंवा मनातून नाकारते म्हणून त्याचा श्वास अडकतो. डेन्व्हर शहरातल्या दमेकरी मुलांच्या एका निवासी संस्थेत मुलांना दीर्घकाळ आईबापांपासून दूर ठेवलं जाई. डॉ. मरे पेश्किन यांनी या उपायाला शस्त्रक्रियेच्या चालीवर नाव दिलं होतं, जणू गाठ कापून काढावी तसे पालकच कापून काढायचे. बरीच मुलं तिथे सुधारली. पण त्यांचं घर बदललं होतं, अंथरूण बदललं होतं, हवा बदलली होती, औषध वेळेवर मिळत होतं. श्रेय मात्र गेलं आईच्या गैरहजेरीला. पुढे त्याच संस्थेच्या संशोधन केंद्रात तेरुको इशिझाका आणि त्यांचे पती किमिशिगे इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ जोडप्याने रक्तातला तो घटक शोधून काढला ज्यामुळे ॲलर्जी भडकते. आज त्याला आयजीई म्हणतात. शोध १९६६ साली प्रसिद्ध झाला. आईच्या मनात शोधलेलं कारण एका बाईच्या प्रयोगशाळेत वेगळ्याच ठिकाणी सापडलं.

खाण्याच्या बाबतीतही हेच झालं. ज्या घरात ॲलर्जी आहे त्या घरातल्या आईने गरोदरपणात आणि अंगावर पाजताना शेंगदाणे टाळावेत, बाळाला तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला. २००८ साली तो मागे घेतला. २०१५ साली लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. त्यांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणा खाऊ घातला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला ही ॲलर्जी शंभरात सुमारे ३ जणांना झाली. ज्यांचा टाळला, त्यांच्यात शंभरात सुमारे १७ जणांना. ज्या आयांनी वर्षानुवर्षं पथ्य पाळलं त्यांनी सांगितलेलं तंतोतंत ऐकलं होतं, तरीही दोष त्यांच्याच माथी आला. (हे वाचून कुणी घरच्या घरी प्रयोग करू नये. तीव्र इसब असलेल्या बाळाला असं अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचं, आणि अख्खे दाणे तर तान्ह्याला कधीच द्यायचे नाहीत, घशात अडकतात.)

‘फार स्वच्छता ठेवली म्हणून ॲलर्जी झाली’ हा अलीकडचा आरोप. याचं मूळ डेव्हिड स्ट्रॅखन यांच्या १९८९ सालच्या निबंधात आहे. ब्रिटनमधल्या सतरा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीत त्यांना दिसलं की मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी. लहानपणी भावंडांकडून होणारा संसर्ग कदाचित संरक्षण देत असेल, असा त्यांचा तर्क होता. पुढचं संशोधन माती, गुरं, वनस्पती यांच्यातल्या सूक्ष्मजंतूंकडे वळलं. आईने घासलेल्या भांड्यांशी आणि पुसलेल्या लादीशी त्याचा फारसा संबंध नाही. “आमच्या वेळी पोरं मातीत लोळायची” असं सासरे म्हणतात. मीरा रोडच्या सातव्या मजल्यावर माती कुठून आणायची? आणि बिल्डिंगच्या खाली आहे ती सिमेंटची धूळ आणि पार्किंग.

तर मग आपल्या गावाचा परिसर बघू या. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ साली ५ लाख २० हजार होती, २०११ साली ८ लाख ९ हजार झाली. मिठागरं, खाजण आणि भातशेतीच्या मधे इमारती आणि वस्त्या दाटीने उभ्या राहिल्या. मुंबईत परवडत नाही म्हणून आलेली कुटुंबं एका खोलीत किंवा वन-रूम-किचनमध्ये राहतात. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटामागे काळी बुरशी, न वाळलेले कपडे आतच दोरीवर. फोडणीचा धूर जायला खिडकी नाही, आणि असली तर समोरच्या इमारतीची भिंत. मुलं शाळेत जातात ती महामार्गालगतच्या वाहनांच्या धुरातून. उत्तन भागातल्या डोंगरावर शहराचा कचरा जातो, तिथे आगी लागतात आणि धूर कोळीवाड्यांत उतरतो. त्यासाठी उत्तनच्या लोकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं आहे.

यातली कितीतरी कारणं तपासलेली आहेत. अमेरिकेतल्या आठ शहरांच्या गरीब वस्त्यांतली दम्याची मुलं तपासली, तेव्हा १९९७ साली दिसलं की ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळंही जास्त होती, ती मुलं इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा इस्पितळात भरती झाली. आपल्याकडे डासांसाठी रात्रभर अगरबत्तीसारखी कॉइल जळते. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. कॉइल लावते आई, हे खरं. पण डास तुंबलेल्या गटारातून येतात आणि गटार तिच्या ताब्यात नाही. गळकी गच्ची सोसायटीच्या ताब्यात, भाड्याची खोली मालकाच्या, आणि घरात ओढली जाणारी बिडी-सिगारेट बहुतेक वेळा नवऱ्याच्या. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली. पण चार घरी धुणंभांडी करणारी बाई तिसऱ्या महिन्यात कामावर जाते आणि ‘अंगावर पाजलं नाही म्हणून पोर आजारी’ हेही तीच ऐकते. तिच्या स्वतःच्या बोटांना साबणाच्या पाण्याने पडलेल्या भेगा, जवळा सुकवणाऱ्या कोळणीला धुळीने लागलेली ठसक, याला तर कुणी आजारही म्हणत नाही.

घरातल्या वातावरणात आणखी एक गोष्ट येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या नव्वद हजारांहून अधिक घरांची १९९८-९९ मधली माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत बाईला मारहाण होते त्या घरांतल्या बायकांत आणि मुलांतही दम्याचं प्रमाण जास्त आढळलं. मारहाणीनेच दमा झाला, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण ताणाने धाप वाढते हे डॉक्टरही सांगतात. तेव्हा संगोपनाची झडती घ्यायचीच असेल तर ती चुलीपाशी न थांबता उगारलेल्या हातापर्यंत जाऊ दे.

आणि शेवटी हा खटला मुलींवर कसा उलटतो ते पाहा. ‘रक्तातली खोट’ म्हटली की मुलीचं लग्न आठवतं. दम्याच्या मुलाला पंप मिळतो, मुलीचा पंप पर्समध्ये लपतो. बघायला पाहुणे येणार म्हणून तो बंद केला जातो, ‘सवय लागेल’ हे निमित्त होतं. पंपाची सवय लागत नाही. त्यातल्या औषधाची मात्रा अगदी थोडी असते आणि ती थेट श्वासनलिकेत पोहोचते. औषध मधेच बंद करण्यानेच जीव धोक्यात येतो. दुसरं उदाहरण टिकलीचं. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला की कोड आलं, घराण्यात कोड आहे, असा बोभाटा होतो. खरं तर टिकलीच्या गोंदातलं एक रसायन त्वचेचा रंग घालवू शकतं, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० सालीच दाखवून दिलं. सौभाग्याचं लेणं म्हणून जे लावायला लावलं त्यानेच डाग पडला, आणि तो डाग माहेरच्या रक्तावर गेला!

म्हणून आपल्या गटांनी काही गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. आजारी मुलाची आई बैठकीत बोलू लागली की दोन्ही घराण्यांचा इतिहास विचारावा, आईकडचा आणि बापाकडचाही. तिला बळ मिळतं ते या साध्या दोन रकान्यांनी. शक्य तिथे डॉक्टरांकडे बापाला किंवा सासूलाही बरोबर न्यावं, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं बाईच्या तोंडून सांगावं लागत नाही. मग तिच्या घरी जाऊन भिंत, खिडकी, अंथरूण, झुरळं, धूर पाहावेत आणि प्रत्येकापुढे लिहावं, हे बदलणं कुणाच्या हातात आहे. जे तिच्या हातात आहे त्याला तिला मदत करावी. जे सोसायटीच्या, घरमालकाच्या, नगरसेवकाच्या हातात आहे त्यासाठी अर्ज लिहावेत, पाच-दहा घरांचे एकत्र. मुलाच्या औषधाला पैसे न देणं ही घरगुती बाब नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात बाईच्या आणि तिच्या मुलांच्या गरजांचे पैसे अडवणं हा आर्थिक छळ मानला आहे. तक्रारीत तो वेगळा लिहावा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. शाळकरी मुलींच्या गटांत पंपाबद्दल उघड बोलावं, ज्या मुली तो वापरतात त्यांच्याच तोंडून.

आपापल्या वस्तीतल्या अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. नावं नकोत, फक्त घर कसं आहे, आजार काय, दोष कुणावर आला आणि पुढे काय झालं, एवढं लिहा. पुढच्या अंकात त्या एकत्र छापू आणि गटार, गळती व कचऱ्याच्या धुराच्या तक्रारी घेऊन सगळ्या गटांनी मिळून महापालिकेत जाऊ. जाताना मुलांच्या बापांनाही बरोबर घेऊ.